दुर्बीण आणि नळी

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्या ली-एन्फील्ड रायफलींवर दुर्बिणी चढविल्या, त्या बहुतेक नळीच्या माथ्यावर नव्हेत, तर डाव्या अंगाला. वरून पाच काडतुसांची पट्टी भरावयास वाट मोकळी हवी, हे कारण. या सोयीची किंमत मात्र खंदकातल्या शिपायाने मोजली. किल्ल्याच्या तटाला जंग्या असतात, तशा अरुंद भोकाच्या पोलादी ढालीआडून तो नेम धरी. नळी भोकात घातली, की बाजूच्या दुर्बिणीपुढे ढालीचा पत्राच येई! शिवाय तिरकस जुळविलेली दृष्टिरेषा गोळीच्या मार्गाला एकाच अंतरावर छेदणार. त्यापुढे दोहोंची फारकत वाढतच जाणार.

मेजर हेस्केथ-प्रिचर्ड हे नाणावलेले शिकारी, प्रवासी आणि हँपशायरकडून खेळलेले क्रिकेटपटूही. १९१५ साली फ्रान्सच्या आघाडीवर त्यांनी अशा रायफली तपासल्या, तेव्हा बहुतेकींचा नेम बिघडलेला आढळला. हत्यार दिले होते. ते जुळवावे कसे, हे शिकविण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. १९१६ साली त्यांनी त्यासाठी शाळाच काढली.

दुर्बिणीतील उभी रेषा नळीशी ओळंब्यात नसेल, तर लांबच्या पल्ल्यासाठी नेम उंचावताच गोळी बाजूला ढळते. गवंड्याची पाणसळ येथेही सुटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे काम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुका घडविणाऱ्या पेढीकडे गेले. आता दुर्बीण नळीच्या वर आली. काडतुसे एकेक भरावी लागली तरी चालेल, असे ठरले. रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या बैठकीवर आणि दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या लाकडी दस्त्यावर ठोकला जाई. एकीची दुर्बीण दुसरीवर चढवावयाची नाही.