गिरणीचा दरवाजा कोणाच्या हाती होता?

१/ नव्या माणसाला पहिल्या दिवशी कामावर कोण आत नेतो, यावर तो पुढे कोणाचा होऊन राहतो हे बरेचसे ठरते. मुंबईच्या कापड गिरण्यांना हे उमगायला जवळपास ऐंशी वर्षे लागली.

२/ कावसजी दावर यांच्या कंपनीची स्थापना १८५४ची. ताडदेवची गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये. पुढे गिरण्या वाढल्या, तशी रत्नागिरी-सातारकडची माणसे येऊ लागली. त्यांची भरती व्यवस्थापक करीत नसे, जॉबर करी. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. तो गावचा, भावकीतला माणूस आणून मागावर उभा करी, काम शिकवी, खोली पाहून देई, खानावळीत जामीन राही. बदल्यात दस्तुरी घेई. त्याला निव्वळ खलनायक ठरवणे सोपे आहे. पण परक्या शहरात नवख्याला दुसरे होते कोण?

३/ साहजिकच नवख्याची निष्ठा गिरणीशी नव्हे, जॉबरशी जुळे. जॉबरने गिरणी बदलली की त्याची माणसेही त्याच्यामागे निघत.

४/ मालकांचा उपाय वेगळाच होता. महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हाती पडे; न सांगता काम सोडले तर तो बुडे. याला टिकवणे म्हणावे की अडकवणे? १८९६ मध्ये प्लेग आला आणि ही वेसण तुटली. कामगारांनी गावची वाट धरली. उरलेल्यांसाठी १८९७ मध्ये गिरण्यांनी एकमेकींवर चढ्या बोली लावल्या आणि रोजची मजुरी रोज चुकती केली.

५/ साथ ओसरली, जुनी रीत परतली. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी, अशी शिफारस केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. रिकामी जागा आधी कार्डधारकाला मिळावी, जॉबरच्या मर्जीतल्याला नव्हे, हा हेतू. १९३६च्या वेतन कायद्याने पगार थकवण्यालाही मर्यादा घातली.

६/ म्हणजे दरवाजा गिरणीने परत घेतला, निदान कागदावर. खोली, उधारी, खानावळ हे प्रश्न मात्र दरवाजाबाहेरच राहिले, आणि तिथे कार्ड चालत नसे. तिथे अजूनही जॉबरची ओळख लागे.