रंगाखालचा पत्रा : डेंटिंग-पेंटिंगचा छोटा इतिहास

१/ मोटारीला पोचा पडला की आपण विचारतो, ‘डेंटिंग-पेंटिंग कुठे करावे?’ शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न अधिक बिकट होता. घोडागाड्यांप्रमाणेच मोटारींवरही तेलरंग व वार्निशचे थर ब्रशने चढवत. ते वाळण्यास कित्येक आठवडे लागत.

२/ १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ड्यूपाँचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर रंग आला. तो फवाऱ्याने मारता येई. आठवड्यांचे काम तासांवर आले.

३/ पोचा काढणे मात्र कसबाचेच राहिले. कारागीर पत्रा ठोकून सरळ करी आणि उरलेल्या खळग्यात शिसे-कथिलाचा मिश्रधातू वितळवून भरी. १९५० च्या दशकात पॉलिएस्टरची लांबी आली आणि पत्रा न ठोकताही खोल पोचा झाकणे शक्य झाले.

४/ म्हणून गॅरेज निवडताना केवळ चकाकीला भुलू नये. पत्रा ठोकणार की नुसती लांबी भरणार, हे आधी विचारावे. तेथे पूर्वी झालेले एखादे काम उन्हात न्याहाळावे आणि त्यावर चुंबक लावून पाहावा : पोलादी पत्र्याला तो घट्ट चिकटतो, जाड लांबीवर ढिला पडतो.