बिल्ला, दिवा आणि डबलसीट : सायकलवाल्यांच्या दंडाची गोष्ट



आज आपण सायकलबद्दल बोलू. म्हणजे सायकल चालवणाऱ्याला पोलीस अडवतो तेव्हा काय होतं, त्याबद्दल. मोटारसायकलवाल्याला दंड होतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर चलनाचा मेसेज येऊन गेलेला असतो. पण शाळेत सायकलवर जाणारी मुलगी, पहाटे दुधाची कॅन अडकवून निघालेला दीर, एमआयडीसीत कामाला जाणारा नवरा, यांनाही पोलीस दंड करू शकतो का? कशासाठी? आणि किती? याचं उत्तर शोधताना मागे बरंच जावं लागतं. तर आधी जुनी गोष्ट सांगतो, मग आजची.

सायकल इंग्लंडच्या रस्त्यांवर नवीन होती, तेव्हा तिच्याविषयी फार भांडणं झाली. घोडे बुजतात, माणसं धडपडतात, अशा तक्रारी होत्या. प्रत्येक गावाचा नियम निराळा होता. 1888 साली तिथं एक कायदा झाला आणि त्यात ठरलं की सायकल हीसुद्धा गाडीच आहे. त्यामुळे तिला रस्त्यावर चालायचा हक्क मिळाला. त्या हक्काबरोबर दोन अटी आल्या. सूर्य मावळल्यावर एका तासानं दिवा लावायचा, तो सूर्य उगवायच्या तासभर आधीपर्यंत ठेवायचा. आणि कुणाला ओलांडून पुढं जायचं असेल तर घंटी वाजवून कळवायचं. आपल्याकडच्या सायकलच्या नियमांचं मूळ असल्याच कायद्यांत आहे. इंग्रजांनी सायकल आणली, तसे नियमही आणले.

मुंबई इलाख्यात पोलिसांचे दोन कायदे होते. जिल्ह्यांसाठी 1890 चा आणि मुंबई शहरासाठी 1902 चा. स्वातंत्र्यानंतर ते दोन्ही मिळून 1951 साली मुंबई पोलीस कायदा झाला. आज त्यालाच महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. आपला जालना मात्र तेव्हा त्या राज्यात नव्हताच. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, पुढं हैदराबाद राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि 1 मे 1981 ला औरंगाबादपासून निघून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणून मूळचा मुंबईचा कायदा आज भोकरदनपासून परतूरपर्यंत सगळीकडे लागू आहे.

या पोलीस कायद्यात वाहन म्हणजे फक्त मोटार नव्हे. बैलगाडी आली, हातगाडी आली, सायकलही आली. रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचं, पुढच्या गाडीला ओलांडायचं तर तिच्या उजवीकडून, पायी चालणाऱ्यांच्या पदपथावर गाडी घालायची नाही, रस्ता अडवायचा नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. शिवाय आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी यांना वाहतुकीचे आणखी नियम करायचा अधिकार आहे. सायकलवाल्याला दंड होतो तो याच वाटेनं.

या नियमांची खरी गंमत बघायची तर पुण्याकडं वळावं लागतं. एके काळी पुणं सायकलींचं शहर म्हणून देशभर ओळखलं जायचं. कारकून, कॉलेजची पोरं-पोरी, मास्तर, कारखान्याचे कामगार, सगळे सायकलवर. आणि तिथं पोलिसांच्या नजरेत तीन गोष्टी असायच्या : बिल्ला, दिवा आणि डबलसीट.

बिल्ला म्हणजे कर भरल्याची खूण. नगरपालिका सायकलींवर दरसाल कर घ्यायची आणि तो भरला की धातूचा छोटा बिल्ला द्यायची. तो सायकलला लावायचा. नसेल तर पकडले जाणार. हा प्रकार एकट्या पुण्याचा नव्हता. राज्याच्या 1965 च्या नगरपालिकांच्या कायद्यात मोटारी सोडून इतर वाहनांवर कर बसवायची मुभा आहे. आणि ऐकून नवल वाटेल, 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीला जे कर घेता येतात त्या यादीत सायकलींवरचा आणि जनावरं जुंपलेल्या गाड्यांवरचा करसुद्धा आहे.

दुसरा दिवा. आधी रॉकेलचा, पुढं चाकाला घासून पेटणारा डायनॅमोचा. रॉकेलचा दिवा वाऱ्यानं विझायचा. डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझायचा. पोलीस दिसला की पटकन खाली उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायला लागायचं, म्हणजे आपण सायकल चालवतच नव्हतो, अशा आठवणी त्या काळची माणसं आजही हसत सांगतात.

तिसरं डबलसीट. एका सायकलवर दोघं बसले की दंड. कधी कधी पोलीस चाकाची हवाच सोडून देत, असंही सांगतात. मग दोघांनाही चालत जावं लागायचं.

आता आपण तिघी-चौघी बसून या तीन नियमांकडं नीट बघू. तिन्ही मोडले तर दंडच व्हायचा, पण तिन्ही एकसारखे नाहीत.

बिल्ला होता तिजोरीसाठी. बिल्ला लावल्यानं कुणाचा जीव वाचत नव्हता. कर लहानच असेल, पण तो ज्याच्याकडं दुसरं वाहन नाही त्याच्याकडूनच घेतला जायचा.

दिवा होता जीवासाठी. अंधारात सायकल दिसत नाही. हे आपल्याला पुण्याच्या लोकांपेक्षा जास्त कळतं, कारण आपल्या रस्त्यांवर खांब असतो पण दिवा पेटेलच असं नाही. अंबड-घनसावंगीकडं उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या चालतात. त्यात सायकलवाला अंधारात सापडला तर कुणाला काय दिसणार?

आणि डबलसीट? तोल जातो, ब्रेक लागत नाही, हे खरं. पण ज्या घरात एकच सायकल, तिथं कॅरिअरवर कोण बसायचं? बायको, बहीण, नाही तर दवाखान्यात न्यायची म्हातारी. पोलिसानं अडवलं की खाली उतरून चालायची पाळी बहुतेक वेळा तिच्यावरच. ज्याच्याकडं पैसे त्याच्या मोटारीत चार जणी बसल्या तरी चालतं, आणि सायकलवर दुसरी बसली की गुन्हा, हे तेव्हाच्या लोकांनाही टोचत असणार.

पुढं काळ बदलला. 1972 साली पुण्यात लुना आली. स्कूटरी वाढल्या, मोटारसायकली वाढल्या. 1988 साली नवा मोटार वाहन कायदा झाला आणि पोलिसांचं सगळं लक्ष तिकडं गेलं. सायकलचे बहुतेक नियम रद्द करायची कुणाला गरजच पडली नाही. ते कागदावर राहिले आणि लोक विसरले. बिल्ला आता जुन्या ट्रंकेतच सापडायचा.

पण सायकल संपली नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती. मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड होती 21 टक्के घरांत. म्हणजे सायकल हे तेव्हाही जास्त घरांचं वाहन होतं. आणि याच काळात सायकलवर बसणारी माणसं बदलली. मुली आल्या.

तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे, आपल्यासारखाच कोरडवाहू. तिथं 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेत बायकांना लिहिण्या-वाचण्याबरोबर सायकलही शिकवली. जिल्हाधिकारी बाई होत्या, शीला राणी चुंकत. खडी फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. बिहारनं 2006 साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकल मिळते. जालना जिल्हा त्या कार्यक्रमात आहे. त्या सायकलीमुळं किती जणींची सातवीनंतर सुटणारी शाळा सुटली नाही, हे तुम्ही तुमच्याच गल्लीत मोजून बघा.

म्हणून आज सायकलवाल्याला दंड म्हटलं की तो या मुलींच्या वाटेवर येतो. हे हलक्यानं घ्यायचं नाही. कोलकात्यात काय झालं बघा. 2013 साली तिथल्या पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलला बंदी केली. कारण सांगितलं, वाहतूक अडते. दंड भरत राहिले दूधवाले, पेपरवाले, मजूर. त्यांनी मोर्चे काढले. पुढं बंदीचे रस्ते कमी झाले, पण तोवर किती रोजच्या कमाया दंडात गेल्या असतील! नियम मोडला म्हणून नाही, त्या रस्त्यावर सायकल आणली म्हणून दंड.

आता आजचं, आपल्या कामाचं.

सायकल पायानं चालते, म्हणून मोटार वाहन कायद्यात ती मोटार वाहन धरत नाहीत. तिला लायसन लागत नाही, आरसी बुक नाही, विमा नाही, पीयूसी नाही. हेल्मेट घालणं चांगलंच, पण सायकलवर ते नाही म्हणून मोटार कायद्याचा दंड होत नाही. बॅटरीच्या सायकलीचं थोडं वेगळं आहे. मोटर 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असेल, तर तिलाही लायसन-नोंदणी नको. त्याच्या पुढची असेल तर ती गाडीच, सगळे कागद लागणार. दुकानदार काहीही सांगो, विकत घेताना कागदावर बघून घ्या.

मात्र पोलीस कायदा सायकललाही लागू आहे. उलट्या बाजूनं चालवली, रस्ता अडवला, पदपथावर घातली, तर पोलीस अडवू शकतो. त्या कायद्यानं दंड होतो तो गुन्हा शाबित झाल्यावर, आणि तो ठरवतं न्यायालय. रस्त्यावर कुणी पैसे मागितले तर शांतपणे दोन गोष्टी विचारायच्या : कोणत्या कायद्याचं कोणतं कलम? आणि पावती? आवाज चढवायची गरज नाही. मुलींनाही हे दोन प्रश्न पाठ करून द्या.

समृद्धी महामार्ग आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही. तिथं मुळीच चढायचं नाही. पण वडीगोद्री, शहागडकडून जाणारा धुळे-सोलापूर रस्ता वेगळा आहे. तिथं गावं रस्त्याला लागून आहेत आणि मुलींना पलीकडं जावंच लागतं.

आणि सायकलला एखाद्या गाडीनं उडवलं तर? त्या चालकानं थांबून जखमीला दवाखान्यात पोचवणं हे कायद्यानं त्याचं कर्तव्य आहे. तो पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही, तरी सरकारकडून भरपाई मिळते. 1 एप्रिल 2022 पासून ती मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार रुपये आहे. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडं करायचा. पोलिसांत खबर दिलेली असली पाहिजे, दवाखान्याचे कागद जपून ठेवले पाहिजेत. देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यात सायकलवालेही हजारोंनी होते. दंडाचा धाक सायकलवाल्याला, आणि जीव जाण्याचा धोकाही त्यालाच, असं हे उलटं गणित आहे.

शेवटची गोष्ट, आणि ती ताजी आहे. 2019 साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. सायकल, बैलगाडी आणि पायी चालणारे यांनी रस्त्यावर आणि राष्ट्रीय महामार्गावर कसं वागायचं, याचे नियम करायचा अधिकार त्यातून राज्य सरकारांना मिळाला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सहा महिन्यांत असे नियम करायला सांगितलं. म्हणजे सायकलींसाठी नियम लिहायचं काम पुन्हा निघालं आहे. बिल्ला आणि डबलसीटचे नियम केले तेव्हा कॅरिअरवर बसणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी न विचारताही आपण सांगू शकतो.

येत्या ग्रामसभेत गटानं मिळून हे मांडावं. शाळेच्या वाटेवर महामार्ग ओलांडायला सुरक्षित जागा हवी. उसाच्या ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर आणि दिवा हवा. योजनेतून मुलीला सायकल मिळते तिला दिवा, घंटी आणि मागचा लाल रिफ्लेक्टर आहे की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीनं तपासावं. ठराव लिहून घ्या, त्याची नक्कल मागा.

आणि कुठलाही नवा नियम कानावर आला की स्वतःला विचारा : हा दिव्यासारखा आहे की बिल्ल्यासारखा? दिव्यासारखा असेल तर पोलीस असो-नसो, पाळायचा. आज रात्रीच घरातली सायकल अंगणात काढा आणि बघा, मागून येणाऱ्याला ती दिसते का. बिल्ल्यासारखा असेल तर एकटीनं गप्प बसू नका. गटात बोला, ग्रामसभेत बोला.

नमस्कार. पुढच्या भागात भेटू.