जडत्व

जडत्व : बाहेरून असंतुलित बल लागेपर्यंत स्थिर राहण्याचा किंवा एकसमान वेगाने सरळ रेषेत जात राहण्याचा वस्तूचा गुणधर्म. वस्तुमान हे त्याचे माप. न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात तो गतीचा पहिला नियम म्हणून मांडला. बल गती टिकवत नाही, गती बदलते, हा त्याचा गाभा; यांत्रिकीतल्या पुष्कळ चुका इथेच सुरू होतात.

वस्तू हलती ठेवायला काहीतरी सतत ढकलत राहिले पाहिजे, असे अ‍ॅरिस्टॉटलचे मत होते. रोजचा अनुभव त्याच्याच बाजूने साक्ष देतो, म्हणून ते भाबडे ठरवून बाजूला सारता येत नाही. गॅलिलिओने त्याला उतरणीच्या आधारे उत्तर दिले. उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत पोहोचतो. चढ सौम्य केला, तर तीच उंची गाठायला त्याला अधिक लांब जावे लागते. चढच नसेल, तर ती उंची कधी येणारच नाही आणि गोळ्याला थांबायला कारणही उरणार नाही. प्रत्यक्षात तो थांबतो तो घर्षणामुळे, आणि घर्षण हेही बलच आहे. (गॅलिलिओच्या मनातली क्षितिजसमांतर गती पृथ्वीच्या गोलाईला धरून होती, सरळ रेषेचा स्पष्ट आग्रह १६४४ मध्ये देकार्तने धरला.)

तरीही जड खोका एकसमान वेगाने सरकवताना सारखा जोर लावावा लागतो, त्याचे काय? तो जोर घर्षणाएवढाच असतो, त्यामुळे निव्वळ बल शून्य होते. बलातून वेग मिळत असता, तर ठरावीक बलाने ठरावीक वेग आला असता. पण घर्षण नगण्य असेल तिथे तेच बल लावत राहिल्यास वेग वाढतच जातो. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर १ आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे, आणि ते कोणी ढकलत नाही. सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याचा वेग किंचित कमीच करते.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. बल आणि त्वरण यांचा संबंध सांगणाऱ्या न्यूटनच्या दुसऱ्या नियमात बल शून्य धरले की त्वरण शून्य येते. मग पहिला नियम वेगळा कशाला? कारण दुसरा नियम कुठून पाहिल्यास लागू होतो, हे पहिला ठरवतो. बसने करकचून ब्रेक लावला की प्रवासी पुढे झुकतात, पण त्यांना पुढे ढकलणारे कोणी नसते. रस्त्यावरून पाहिले, तर ते आपला आधीचाच वेग राखत असतात. ज्या संदर्भचौकटीत बलावाचून वेग बदलत नाही, तीच जडत्वीय चौकट. वर्गातल्या प्रयोगांपुरती जमीन तशी मानता येते. काटेकोरपणे ती तशी नाही, हे १८५१ मध्ये फूकोने पॅरिसमध्ये टांगलेल्या लंबकाच्या सावकाश फिरत जाणाऱ्या आंदोलनप्रतलाने दाखवून दिले.