भिंतीचे दोन पदर

मे महिन्यात औशाकडच्या माळवदाच्या घरात बाहेरून आत आलं की घटकाभर काही दिसत नसे, अंगाला मात्र गारवा लागे. आजोबांच्या घराची भिंत दोन हातांहून रुंद. कोनाड्यात माझा हात कोपरापर्यंत जायचा. दिवसभराचं ऊन ती भिंत पिऊन घ्यायची. ते आत पोचेस्तोवर रात्र व्हायची आणि आम्ही पोरं माळवदावर निजायला गेलेलो असायचो. माळवदावर पांढरी माती. पावसाळ्याआधी तिच्यावर नवी भर पडायची, जुना थर मात्र कुणी उतरवायचं नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून किल्लारी परिसरातली माणसं झोपली होती. भूकंप झाला, सुमारे आठ हजार गेली.

पुढं घरांच्या मजबुतीकरणाच्या कामावर मी देखरेखीला होतो. पहिली भिंत उकलली तेव्हा कळलं, ही एक भिंत नव्हतीच. बाहेर दगडांचा एक पदर, आत दुसरा आणि मधे खपऱ्या नि भुसभुशीत माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. हादऱ्यानं पदर फुगून वेगळे झाले, वरची माती खाली आली. लोक मातीला शिव्या देत. माळवदावरचं ओझं तिचंच, हे खरं. पण भिंतीत खोट जोडाची होती. आरपार जाईल असा लांब दगड घडवायला मजुरी पडते, ती वाचवली असणार.

इलाज भिंतीच्या दोन्ही अंगांनी करायचा. बाहेरचा दगड अलगद काढायचा, आतलाही, भोक आरपार करून आकड्याची सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. साधारण मीटरभर अंतरावर असा एकेक टाका. मी बाहेरून ओरडायचो, "मिस्त्री, आली का वो?" आतून उत्तर यायचं, "आली साहेब, जरा मागं घ्या." माळवदावरची माती उतरवली की घर हलकं व्हायचं आणि भिंतीचा गारवा शाबूत राहायचा.

५२ गावं नव्या जागी वसली. तिथल्या पातळ भिंतींच्या घरांत दुपारी बसवत नाही. म्हातारी माणसं लिंबाखाली बाज टाकतात.

मराठवाड्यात दगडमातीची जुनी घरं अजून उभी आहेत. तुमचं असेल तर बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून मोकळे होऊ नका. जाणता गवंडी बोलवा, दोन्ही अंगांनी एकेक दगड काढायला लावा आणि मधे काय भरलंय ते आधी बघा.