कांदा, पपेटा आणि बगळा

गारा आकाशातून पडतात, एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे फॅशन डिझायनिंग शिकणारी आमची भाची "मामा, मला गाऱ्यावरून जाकीट करायचंय" म्हणाली, तेव्हा मी तिला छत्री घे म्हणालो.

गारा म्हणजे पारशी बायकांची भरतकाम केलेली साडी. सौभाग्यवतींच्या बँकेतल्या एक पारशी बाई दादरच्या कॉलनीत राहतात. त्यांनी ट्रंक उघडली. कापराच्या वासामागून जांभळं रेशीम बाहेर आलं. त्यावर पांढरे बगळे, पूल, पॅगोडे! मला तर चिनी कॅलेंडरच वाटलं.

तसं ते होतंही चिनीच. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात. जमशेटजी जीजीभाईंची दौलत याच व्यापारातली. येताना चहा आणि रेशीम येई. मग घरच्या मंडळींसाठी चिनी कारागिरांकडून साड्या भरून घेतल्या जाऊ लागल्या. पुढे चिनी फेरीवालेच गाठोडी घेऊन दारात येत. म्हणजे टाका चिनी, नेसण गुजराती, झंपर विलायती; आणि सगळं मिळून अस्सल पारशी परंपरा! आमच्या भाचीला 'मिक्सिंग'चा शोध आपणच लावला असं वाटत होतं. ती जरा हिरमुसली.

त्यातले लहानमोठे गोल ठिपके दाखवून बाई म्हणाल्या, "आ कांदा-पपेटा." कांदे-बटाटे! परदेशी नक्षीला स्वयंपाकघरात आणून बसवलं, की ती घरची होते.

एवढ्यात भाचीच्या हातात कात्री दिसली. "बाई, एवढा एकच बगळा..."

"डीकरी," बाई शांतपणे म्हणाल्या, "कापड विरलं, तर काठ काढून नव्या साडीला लावायची आमची रीत आहे. पण आ तो हजी जीवतो छे. ज्यानं डोळे फोडून हे भरलं, त्याचं नावपण आपल्याला माहीत नाय."

कात्री पर्समध्ये गेली. भाचीनं बटर पेपरवर नक्षी उतरवून घेतली. कुर्ल्याच्या एका कारागिरानं महिनाभर खपून ती जाकिटावर भरली. बगळा थोडा आपल्याकडच्या भातशेतातला झाला, पण छान झाला. कॉलरला भाचीच्या नावाचं झोकदार लेबल होतं.

"आणि त्या कारागिराचं?" मी सहज विचारलं.

ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी जाकीट पुन्हा पाहिलं, तर लेबलाखाली त्याच्याच हातानं भरलेलं त्याचं नाव होतं. भाचीच्या नावापेक्षा कितीतरी सुबक!