कुदळीचा दांडा घट्ट कसा बसवायचा?

हिंगोली जिल्हा हळदीचा. डोंगरकड्याकडच्या शेतात काढणीला माणसं शेजारी-शेजारी खणतात, तेव्हा सैल कुदळीचं पातं निसटलं तर डोकं फुटायचं.

कुदळीचा दांडा एका टोकाला जाड असतो. बारीक टोक नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, वरून घालून दांडा खाली ओढून घ्यायचा. मग कुदळ उलटी धरून जाड टोक दगडावर आपटायचं. पातं स्वतःच्या वजनाने तिकडे सरकून आवळतं. घाव घालतानाही ते जाड टोकाकडेच ओढलं जातं, त्यामुळे खिळा लागत नाही.

लाकूड वाळलेल्या बाभळीचं घ्या. सैल दांडा पाण्यात भिजवणं मात्र फसवं: लाकूड फुगतं, पण वाळल्यावर आणखी सैल होतं.